वेंडलने पाठवलेला पट्टा

लार्च क्रीक, मोंटाना
६ नोव्हेंबर, बुधवार

वेंडल,

वर 'प्रिय' लिहिलेलं नाही. राहून गेलं असं समजू नकोस.

तुझं खोकं काल आलं. टपालवाली नवीन आहे, चांगली धडधाकट पोरगी, तरी तिला ते एकटीला उचलेना. पायरीवर आदळून म्हणाली, "आजी, आत अजगर आहे का?" मी म्हटलं, "असेलही. माझ्या मुलाने पाठवलंय." ती हसली. मी हसले नाही. बरं, थोडी हसले.

उघडलं तर खरंच अजगर. काळ्या रबराचं वेटोळं, अंगभर तीन-तीन इंची पाती. दोरी कापल्याबरोबर उसळून उलगडलं ते माझी खुर्ची पाडूनच थांबलं. स्नोमोबाइलचा, बर्फावर पळणाऱ्या गाडीखाली फिरतो तो पट्टा! तोही सगळ्यात लांब, एकशे चौऱ्याहत्तर इंची, पिठासारख्या खोल बर्फात सरळ वर चढणारा. आत चिठ्ठी असेल म्हणून शोधलं. चुरगाळून कोंबलेले कागद होते, तेही एकेक करून इस्त्री केल्यासारखे सपाट केले. सगळ्या तिकडच्या ॲरिझोनातल्या पोहण्याच्या तलावांच्या जाहिराती. सहा वर्षांनी मुलाने आईच्या घरी काहीतरी पाठवलं, आणि आईला वाचायला काय मिळालं, तर तलाव साफ करायची पावडर स्वस्त झाली आहे!

मग खोक्याच्या कडेला तुझं अक्षर दिसलं. "टॅन्सीच्या वाढदिवसासाठी. लांब पट्ट्याची गाडी अडकत नाही."

एवढंच.

अडकत नाही. म्हणजे रॉइस अडकला तो त्याच्या आखूड पट्ट्यामुळे, असंच ना? सगळा दोष रबराचा, आणि आता नवं रबर पाठवलं की हिशेब मिटला. तुझा भाऊ ज्या उतारावर गेला त्याच उतारावर त्याच्या पोरीला आणखी वर नेणारी वस्तू तू रिबीन लावून पाठवतोस? रिबीनही नव्हती म्हणा. दोरी होती. दोरी मी ठेवून घेतली आहे, चांगली आहे.

टॅन्सी तेवीस वर्षांची झाली. तिच्यासाठी मी हकलबेरीचा केक केला होता. त्या बेऱ्या मी स्वतः वेचलेल्या. एक अस्वल पलीकडच्या झुडपात वेचत होतं, मी अलीकडे. त्याने मला काही विचारलं नाही, मी त्याला काही विचारलं नाही. कधीकधी वाटतं, आपल्या घरातल्या माणसांपेक्षा त्या अस्वलाशी माझं जास्त बोलणं झालं.

अर्डिस थोरसन

१७ नोव्हेंबर, रविवार

वेंडल,

तुझा फोन लागत नाही, म्हणजे लागतो पण तू उचलत नाहीस. त्या यंत्रातली बाई मला दर वेळी निरोप ठेवायला सांगते. माझे निरोप तिच्या पोटात मावायचे नाहीत. म्हणून पत्र. सहावीपर्यंत शिकले तेवढं आज कामी येतंय, चुका असतील तर असू देत.

शुक्रवारी तुझा पट्टा ऑर्विलच्या दुकानात नेला. टॅन्सी शाळा संपल्यापासून त्याच्याचकडे काम करते, हे तुला ठाऊक नसणार. ती आख्खी गाडी सुटी करून परत जोडते, आणि एकही बोल्ट उरत नाही. ऑर्विलच्या हातून दोन तरी उरतात.

ऑर्विलने पट्टा जमिनीवर पसरला, पात्यांच्या दोन ओळींमधलं अंतर बोटांनी चाचपलं आणि म्हणाला, "अर्डिसमावशी, हा हिच्या गाडीला बसायचा नाही."

"लांब आहे म्हणून?"

"लांब आहेच. पण आत ज्या दातेरी चाकांवर पट्टा फिरतो ना, त्यांचे दाते आणि पट्ट्याच्या ओळी जुळाव्या लागतात. हिच्या चाकांचे दाते जवळजवळ, ह्याच्या ओळी लांब-लांब. आणि एवढी उंच पाती हिच्या गाडीत फिरायला लागली तर वरचा पत्रा सोलून निघेल."

टॅन्सी हात पुसत होती. म्हणाली, "ऑर्विलकाका, हा कुठल्या गाडीला बसेल ते तुम्हाला माहितीये. सांगून टाका की."

ऑर्विलने टोपी काढून डोकं खाजवलं. त्याला पूर्ण टक्कल आहे, खाजवण्यासारखं तिथे काही नाही, तेव्हा मी समजले.

तुझ्या गाडीचा पट्टा आहे तो. शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी आहे ती तुझी गाडी. तुला वाटलं ना, की आता ती टॅन्सी चालवत असेल? इतकी चांगली गाडी, कुणीतरी घेतलीच असेल? नाही घेतली. तू ती जिथे लावून गेलास तिथेच आहे. सीटमध्ये उंदरांनी तीनदा संसार थाटला आणि मोडला, पण गाडीला माणसाचा हात लागला नाही. किल्ली दारामागच्या हुकावर आहे. तीही एकच. दुसरी तू नेलीस. आईचा निरोप न घेता गेलास, पण किल्ली आठवणीने नेलीस.

ती कुठली गाडी चालवते हे तरी विचारायचं होतंस! एक प्रश्न. चार शब्द. आखूड, निळी, जुनी आहे तिची गाडी, आणि तिला ती नवऱ्यासारखी सांभाळते. नवऱ्यापेक्षा बरी, कारण नवरा अजून मिळालेला नाही आणि मिळाला तर त्याचं कठीण आहे.

अर्डिस

१ डिसेंबर, रविवार

वेंडल,

ऑर्विलला फोन करतोस! आईला नाही, ऑर्विलला!

तो लपवणार होता, पण ऑर्विलच्या पोटात बीअरसुद्धा राहत नाही तर गोष्ट काय राहणार. म्हणाला, "वेंडलचा आवाज ठीक वाटला, मावशी." ठीक! "म्हणाला, टॅन्सीच्या गाडीला योग्य तो पट्टा घाल, लांबच घाल. आणि माझी जुनी गाडी विकून टाक." मी म्हटलं, "गाडी माझ्या शेडमध्ये आहे, आणि शेड विकत नाही, गाडी विकत नाही, आणि तू फोन ठेवण्याआधी मला का नाही बोलावलंस?" तो म्हणाला, "तुम्ही बोलायला लागलात तर तो पुन्हा कधीच फोन करणार नाही." बरोबर आहे त्याचं. म्हणून आणखी राग आला.

तर टॅन्सीला पट्टा कुठला, यावर काल दुकानात आमची जुंपली. मी म्हटलं, "सगळ्यात आखूड दे. जिला वर जाताच येणार नाही असा."

ऑर्विल म्हणाला, "तसा पट्टा निघाला नाही अजून. चढणारी पोरं फळी बांधूनही चढतील."

"मग तूच काहीतरी मोड तिच्या गाडीत."

"आज्जी!" टॅन्सी ओरडली. "मी इथेच उभी आहे!" मग जरा शांत होऊन म्हणाली, "आखूड पट्टा भुसभुशीत बर्फात तरंगत नाही. मागून खड्डा खणत बसतो, आणि गाडी उताराच्या मधोमध रुतते. मधोमध रुतायचं नाही, सगळी गोष्ट तेवढीच आहे. बाबांचा आखूड होता."

हे तिने दुधाचा भाव सांगावा तसं सांगितलं. मला कुठे बघावं कळेना. मी म्हटलं, "मग लांब घे. तुझा काका म्हणतो तसा."

"लांब आगगाडीसारखा सरळ जातो, झाडांमध्ये वळत नाही. आणि तो वर नेतो, आज्जी. गाडी जातेय म्हणून माणूस जात राहतो. इथवर यायला नको होतं, हे वर गेल्यावर कळतं."

तू ऐकायला हवं होतंस. त्या वेळी ती मला रॉइससारखी दिसली, फक्त रॉइसला इतकी अक्कल नव्हती. तुलाही नव्हती. मला आनंद झाला हं, सांगते. रागातच झाला, पण झाला. पोरगी डोकं चालवते.

शेवटी तिने मधला घेतला, एकशे पासष्ट इंची. पाती तू पाठवलेल्याहून बुटकी, रबर जरा कडक. कारण डोंगराशी पोचेपर्यंत बारा मैल दाबलेली कडक वाट आहे, तिथे उंच मऊ पाती फडफडत तापतात आणि मुळापासून तुटतात. पट्टा ज्यावर सरकतो ती रेल मागे वाढवावी लागली. ऑर्विल दिवसभर कुरकुरत होता.

आता एक गोष्ट लिहिते जी इथे कुणी बोलत नाही. रॉइस गेला त्या रविवारी डोंगरातल्या त्या कढईत सगळे गाड्यांनी उतारावर रेघ मारायला गेले होते. तीन बाजूंनी उतार, मधे कुरण, आणि जो सगळ्यात वर जाऊन वळेल त्याला बाकीच्यांनी बीअर पाजायची. आणि कुणी अडकला तर दुसऱ्याने वर जायचं. खाली बसून बघणाऱ्याला सगळं गाव शेळपट म्हणायचं. रॉइस मधोमध अडकला. तू गेलास. त्याच्या वरून वळलास, आणि उतारावरचा सगळा बर्फ सुटून खाली कोसळला. तुझ्या गाडीच्या मागून सुटला, तू बाहेर निघालास, तो नाही निघाला.

टॅन्सी आता गावातल्या पोरांना शिकवते. एका वेळी उतारावर एकच गाडी. अडकला तर त्याने स्वतः खणायचं. बाकीच्यांनी बाजूच्या झाडीत थांबायचं, कितीही जीव तुटला तरी. वरच्याने हात डोक्यावर फुली करून धरले की अर्थ एकच, येऊ नका.

तुला हे कुणी शिकवलं नव्हतं. मला माहीत आहे. तरी मी विचारते, का गेलास वर? एवढी वर्षं रोज सकाळी कॉफी ठेवताना विचारते.

अर्डिस

१९ डिसेंबर, गुरुवार

वेंडल,

अक्षर वाकडं आलं तर समजून घे, उजवा अंगठा सुजला आहे. बटाटे फार सोलले.

बर्फ इतका पडलाय की कुंपण गेलं, टपालपेटी गेली, फक्त तिचा लाल झेंडा वर दिसतो, बुडणाऱ्याने हात काढावा तसा. टॅन्सी सकाळी उठून खिडकीला नाक लावून बसते. मी तिला म्हणते, "काच खाशील." नवा पट्टा तिच्या गाडीला असा शोभतो की काय सांगू. आणि तुझाही बसवला, तुझ्या गाडीला. टॅन्सीनेच. म्हणाली, चांगलं रबर खोक्यात पडून वाळतं. जुना काढला तेव्हा त्याच्या पात्यांमध्ये अजून लार्चच्या झाडाच्या काड्या अडकलेल्या होत्या. मी त्या झाडून टाकल्या. टाकल्या नाहीत, चहाच्या डब्यात आहेत.

गाडी एका झटक्यात चालू झाली. उंदीर पळाले, मी टाळ्या वाजवल्या. ही सगळी ऑर्विलची कृपा, त्याने आतली नळी नळी धुतली. तो म्हणतो वेंडलची गाडी म्हणजे वेंडलच, रागावली की धूर सोडते आणि कोपऱ्यात जाऊन बसते.

नाताळला येणार नाहीस, मला माहीत आहे. एल्क हरणाच्या मांसाचा रस्सा आहे आणि तुझ्या आवडीचे बटाटे आहेत, हे मी तुला जळवायला लिहिते आहे, बोलवायला नाही. तिकडे तुम्ही म्हणे नाताळला चड्डीवर फिरता. शोभतं का?

अर्डिस

४ जानेवारी, शनिवार

वेंडल,

बटाट्यांचं खोटं होतं.

अंगठा सुजला तो गाडीचा वेगाचा खटका दाबून दाबून. तुझी गाडी मी चालवते. हो, मी. चौऱ्याहत्तर वर्षांची. पट्टा एकशे चौऱ्याहत्तर, मी चौऱ्याहत्तर, शंभराने त्याच्याहून लहानच आहे. आणि तुझा पट्टा बसवायला टॅन्सीने नाही, मीच सांगितलं.

पहिल्या दिवशी कडक वाटेवरून हाकत नेली आणि अर्ध्यात गाडी तापून लाल दिवा लागला. टॅन्सी मागून येऊन पोट धरून हसली. "आज्जी, हा खोल बर्फाचा पट्टा आहे, कडक वाटेवर याला ताप चढतो! कडेच्या भुसभुशीत बर्फातून ने, बर्फ उडून आत लागला की गार होतो." मग कडेने नेली. वेंडल, काय सांगू! खाली काहीच नाही असं वाटतं. पिठाच्या पोत्यावर बसून कुणीतरी आपल्याला ढगातून ओढतंय. मी ओरडले. एवढी मोठ्याने मी तुझ्या जन्माच्या वेळी ओरडले होते, आणि तेव्हा एवढी मजा नव्हती. तुम्ही पोरं इतकी वर्षं एकटीच ही मजा करत होता आणि मला खिडकीत बसवून ठेवलंत, याचाही राग आला.

हा सगळा खटाटोप कशासाठी, तेही सांगते. त्या रविवारी मी खिडकीत होते. रस्सा दोनदा गरम केला आणि दोन गाड्या परत यायच्या तिथे ऑर्विलचा ट्रक आला. पुन्हा खिडकीत बसणार नाही. टॅन्सी कढईत जाणार असेल तर मी तळाशी झाडीत असेन. तिला हे पटायला दोन आठवडे लागले. "तू तिथे बसून करणार काय?" म्हणाली. मी म्हटलं, "बघणार."

"नुसतं बघायचं सगळ्यात कठीण असतं, आज्जी."

मी म्हटलं, कालची पोर मला शिकवते.

अर्डिस

२० जानेवारी, सोमवार

वेंडल,

हे पत्र नीट बसून वाच. आधीच सांगते, सगळे जिवंत आहेत.

काल कढईत गेलो. आधी टॅन्सीने फावड्याने खड्डा खणून बर्फाचे थर दाबून पाहिले, आणि तिसऱ्या बाजूचा उतार, जो कमी चढाचा, तोच घेतला. मी कुरणाच्या कडेला त्या वाकड्या लार्चखाली तुझ्या गाडीवर. ती वर गेली. तुला सांगते, तिची रेघ बघण्यासारखी होती, झाडांमधून नागमोडी, घाई नाही. मी एकटीच टाळ्या वाजवत होते, हातमोज्यांच्या टाळ्या, कुणाला ऐकू जाणार.

आणि मग गाडी थांबली. बर्फाखाली पडलेलं झाड होतं, पट्टा त्याच्या फांद्यांत गेला. कुठलाही पट्टा असता तरी गेला असता. तुझाही. उताराच्या मधोमध.

ती उतरली. माझ्याकडे बघितलं. दोन्ही हात डोक्यावर नेले आणि फुली केली.

मला ती फुली दिसली, वेंडल. अर्थ माहीत होता. पोरांना ती शिकवते तेव्हा मी मागच्या बाकावर बसून ऐकलं होतं. तरी माझा अंगठा दाबला गेला. मी दाबला नाही, तो दाबला गेला. गाडी झाडीतून पुढे सरकली. तुझा लांब पट्टा, तो अडकत नाही, तू खरंच लिहिलं होतंस. तो मला थेट तिच्यापर्यंत नेणार होता. एकदा कचकन दाबलं की झालं. माझ्या डोक्यात नियम नव्हता, शहाणपण नव्हतं, फक्त पोरगी वर आहे आणि मी खाली आहे, एवढंच होतं.

मी किल्ली काढली आणि फेकली. सगळा जोर लावून. माझ्या खांद्यात अजून इतका जोर आहे हे मला माहीत नव्हतं.

मग बसले. शिव्या दिल्या. टॅन्सीला, ऑर्विलला, त्या झाडाला, रॉइसला, तुझ्या बापाला त्याच्या कबरीत. तुला सगळ्यात जास्त. ती वर खणत होती, फावडं वर जायचं, खाली यायचं. तिने फांदी तोडली, गाडी आडवी पाडून तोंड खाली वळवलं, आणि उतरून आली. उतार जागचा हलला नाही.

"आज्जी, गाडी बंद का?"

"किल्ली फेकली."

"कुठे?"

मी हात फिरवून सगळा मोंटाना दाखवला. ती हसायला लागली, बर्फात बसून हसली, मग हसता हसता रडली, मग मीही. तिने माझा अंगठा हातात धरून ठेवला होता. मग गाडले गेलेल्या माणसांना शोधायची ती लांब काठी काढली आणि आम्ही दोघी बर्फात टोचून टोचून किल्ली शोधत बसलो. सापडली नाही. घरी तिच्या मागे बसून आले.

आता ऐक. तू वर का गेलास, हे मी यापुढे विचारणार नाही. कळलं मला. माझ्या हातात किल्ली होती, आणि खालीच थांबायचं हे मला कुणीतरी शिकवलेलं होतं. तुला कुणी शिकवलं नव्हतं. तू भावासाठी गेलास.

पण त्यानंतर निघून गेलास! एक मुलगा कढईने नेला आणि दुसरा ॲरिझोनाने. टॅन्सीचा बाप गेला त्याच महिन्यात तिचा काकाही गेला, आणि तो तर धडधाकट, स्वतःच्या मर्जीने, गाडीत पेट्रोल भरून. हा राग आहे तिथेच आहे. चांगला पोसलेला आहे, वसंतापर्यंत सहज टिकेल.

तुझी गाडी वाकड्या लार्चखाली उभी आहे, नव्या पट्ट्यासकट. ऑर्विल म्हणतो, तारा जोडून चालू करून आणतो. मी म्हटलं, हात तर लावून बघ, एकाच्या जागी दोन टक्कल करीन. एक किल्ली बर्फात आहे. दुसरी तुझ्याकडे आहे. टपालाने पाठवलीस तर त्याच पाकिटात परत पाठवीन, तलावाच्या जाहिराती भरून. स्वतः घेऊन ये. टॅन्सी तुला कढईपर्यंत नेईल, मागे बसवून, आणि तू खाली झाडीत थांबशील, मी थांबले तसा.

वर अजूनही 'प्रिय' नाही. ते दारात उभा राहिलास की तोंडाने म्हणेन. आधी शिव्या, मग ते.

आई